तान्ह्या बाळाची सर्दी आणि पोटात जाणारं दूध-पाणी: या चुका टाळा

पागोळ्या लागल्या, कपडे वाळेनासे झाले, सगळं घर माजघरात येऊन बसलं की कोकणात लहानग्यांची नाकं वाहायला लागतात. सर्दी ओलीमुळे होत नाही, विषाणूमुळे होते. पण एका खोलीत आठ माणसं कोंडली की विषाणूला फिरायला कितीसा वेळ लागतो? ती बहुधा आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. त्या दिवसांत बाळाच्या पोटात दूध पुरेसं जातंय ना, यावर मात्र लक्ष ठेवावं लागतं, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

"घेतच नाही, भूक नसेल"

पहिल्या काही महिन्यांत बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं. नाक चोंदलं की दूध ओढणं आणि श्वास घेणं दोन्ही एकदम जमत नाही. मग ते दोन घोट घेतं, सोडतं, रडतं, पुन्हा तोंड लावतं. घरातले म्हणतात, नको असेल त्याला. नको नसतं, जमत नसतं.

म्हणून आधी नाक, मग दूध. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, नाकात घालायचे थेंब मिळतात. पाजण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब टाका, शेंबूड सैल होऊ द्या, मऊ सुती कापडाने टिपा किंवा रबरी पंपाने हलकेच ओढून घ्या. हा सगळा खटाटोप पाजून झाल्यावर केलात तर पोटातलं दूध उलटून बाहेर येईल. दुकानदाराला "नाकाचे थेंब" एवढंच सांगू नका. मोठ्या माणसांचे, नाक झटकन मोकळं करणारे औषधी थेंबही तसल्याच बाटलीत येतात आणि ते तान्ह्या बाळासाठी नाहीत. बाटलीवर फक्त सलाईन आहे ना, ते वाचून घ्या. घरी अंदाजाने मीठ कालवू नका.

खोबरेल मात्र नाकात अजिबात नको. कोकणात तेल टाळूपासून तळपायापर्यंत सगळीकडे चालतं हे खरं, पण नाकात घातलेलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं आणि त्याने न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो.

एकदम पोटभर पाजण्याचा हट्टही सोडा. एरवी तीन तासांनी घेणारं बाळ आता दीड-दोन तासांनी थोडं थोडं घेईल, आणि तेवढं पुरतं. पाजताना डोकं जरा उंच धरा. ओढायचा कंटाळाच करत असेल तर अंगावरचं दूध स्वच्छ वाटीत काढून लगेच चमच्याने पाजा. चमचा ओठांशी टेकवायचा, बाळाने गिळला की मग दुसरा. आडवं धरून, नाक दाबून, बोंडल्याने घशात ओतायची जुनी रीत आता विसरलेलीच बरी.

आईलाच सर्दी झाली म्हणून पाजणं थांबवतात, तेही चूक. तिच्या शरीराने त्या सर्दीशी लढायला तयार केलेले घटक दुधातून बाळाला मिळतात. तिने हात धुवावेत, तोंडाला मास्क लावावा आणि पाजत राहावं. तिने केळं किंवा दही खाल्लं म्हणून बाळाला सर्दी झाली, हा आरोप तर या निमित्ताने मागे घ्यायला हरकत नाही.

सहा महिन्यांच्या आत पाणी, शहाळं, गुटी

घसा सुकला असेल म्हणून चमचाभर पाणी द्यावंसं वाटतं. अंगावरच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. वर पाजलेलं पाणी इवल्याशा पोटात जागा अडवतं आणि तेवढं दूध कमी जातं. शहाळ्याचंही तेच. आपल्या परसातलं, ताजं, गोड, सगळं कबूल, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. दुधाची जागा ते घेऊ शकत नाही. सहा महिन्यांनंतर दोन-चार चमचे दिले तर बिघडत नाही, एवढंच.

मध वर्षाच्या आत बोटाला लावूनही नको, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीत उगाळलेल्या वेखंड-जायफळाने बाळ पेंगुळतं, आणि पेंगुळलेलं बाळ दूध मागत नाही. आजीला वाटतं, गुण आला.

पावडरचं दूध देत असाल तर ते "हलकं" करायला जास्त पाणी घालू नका. डब्यावरचं माप तेच ठेवा. पातळ दुधाने रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात.

सहा महिन्यांनंतर

उकड्या तांदळाची पेज आजारपणात देतात ते चांगलंच आहे, पण वरचं निवळ पाणी नको, शीत कुस्करलेली दाटसर पेज द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ न घालता. उकळून गार केलेलं पाणी मधूनमधून घोटभर. पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा गाळून उकळण्यात आळस नको. दूध मात्र या वयातही मुख्यच.

ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची क्षार-साखरेची पूड, जुलाब-उलट्यांसाठी आहे, नुसत्या सर्दीला लागत नाही. लागलंच तर डॉक्टरांना विचारून पाकीट आणा आणि त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात सगळं एकदम कालवा. नुसत्या नावाने ओआरएस म्हणवणाऱ्या गोड पेयांच्या खोक्यांवरून तो शब्द काढायचा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला, तो उगाच नाही.

सर्दी-खोकल्याची सिरप दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच महिन्यात सांगितलं. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली कपाटातच राहू द्या.

डायपरमुळे शू कळत नाही

पावसात लंगोट वाळत नाहीत म्हणून दिवसभर डायपर, हे समजण्यासारखं आहे. पण जेलवाला डायपर दोन-तीन शू पिऊनही कोरडा लागतो, आणि बाळाला दूध-पाणी पुरतंय की नाही याचा सगळ्यात सोपा हिशेब नेमका शूवरच असतो. आठवड्याभराच्या पुढचं बाळ चोवीस तासांत साधारण सहा किंवा जास्त लंगोट ओले करतं. सर्दीच्या दिवसांत शक्य तेवढं लंगोटच बांधा, चुलीच्या उबेवर वाळवा, आणि प्रत्येक शूची वेळ कॅलेंडरवर टिपा. डायपरच वापरायचा तर एका कोऱ्या डायपरमध्ये दोन-तीन मोठे चमचे पाणी ओतून हातात तोलून बघा, म्हणजे भरलेल्याचं वजन कळेल.

अश्रू येतात का, यावर पहिल्या काही आठवड्यांत भरवसा ठेवू नका, तेव्हा ते तसेही फारसे येत नाहीत.

शेक, धुरी, तीन-तीन झबली

दमट हवेत टोपडं, स्वेटर आणि वर दुपटं घातलं की बाळ घामाघूम होतं, आणि तो घाम त्याच्या अंगातल्या पाण्यातूनच जातो. आपल्यापेक्षा फार तर एक थर जास्त घाला. ओव्याची धुरी आणि बंद खोलीतली निखाऱ्यांची शेगडी तर नकोच. धुराने नाक आणखी चोंदतं, कोळशाचा वायू जीवघेणा असतो. कापूर छातीला किंवा उशाशीही नको.

कधी निघायचं

सहा-आठ तास शू नाही, तोंड कोरडं, डोक्यावरची टाळू किंवा डोळे आत गेलेले, दूध एरवीच्या निम्म्यावर, उठवूनही नीट जाग नाही, ओठ निळसर: यातलं एकही दिसलं तर थांबू नका. तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, तरी तेच. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, किंवा श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर लगेच दवाखाना.

आपल्याकडे वाडीपासून रस्ता दूर, त्यात पावसात कुठे दरड, कुठे साकवावरून पाणी. म्हणून दुपारी शंका आली तर दुपारीच निघा, रात्रीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आशाताईंना कळवा, वाटेत बाळ घेत असेल तर थोडं थोडं पाजत राहा. आणि शूच्या वेळा लिहिलेलं कॅलेंडरचं पान फाडून सोबत घ्या, डॉक्टर पहिला प्रश्न बहुधा तोच विचारतील.