मृगाआधी खुराडे उपसा: परसातल्या कोंबड्यांवरील लाल माइटचा बंदोबस्त

पुणे परिसरात मेच्या अखेरीस कडक ऊन हाताशी असते आणि पाऊस अजून लांब असतो. परसातले खुराडे रिकामे करून साफ करायला वर्षातला सगळ्यात सोयीचा काळ हाच. जूनपासून हवा दमट होते, पारा २२ ते ३० अंशांच्या आसपास राहतो आणि लाल माइटला, म्हणजे कोंबडीचे रक्त पिणाऱ्या कोळीच्या जातकुळीतल्या बारीक किडीला, याहून मानवणारे हवामान नाही. अशा दिवसांत अंड्यापासून अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा आठवडा-दीड आठवड्यात पुरा होतो. मावळ, मुळशी, भोरच्या ओल्या पट्ट्यात पावसाळा संपेपर्यंत लक्ष ठेवावे लागते.

गावाकडे सरसकट ‘पिसवा झाल्यात’ म्हणतात. पण पिसवा, उवा, गोचीड आणि लाल माइट यांचे उपाय वेगवेगळे आहेत, त्यामुळे आधी ओळख पटवा. लाल माइट जेमतेम एक मिलिमीटरची. उपाशी असेल तर करडी-पांढुरकी आणि रक्त प्याल्यावर लाल. दिवसा ती कोंबडीच्या अंगावर जवळजवळ नसतेच. फळ्यांचे सांधे, खिळ्यांची भोके, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीची टोके आणि अंडी घालायच्या खोक्याच्या तळाशी लपून बसते. अंधार पडल्यावर बाहेर येऊन अर्धा-एक तास रक्त पिते आणि परत फटीत जाते. म्हणून दिवसा कोंबडी उलटीपालटी करून पाहिली तरी काही सापडत नाही आणि मालक निर्धास्त राहतो. दिवसाही गुदद्वाराभोवतीच्या पिसांत किडे किंवा पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके दिसले, तर त्या उवा किंवा अंगावरच राहणाऱ्या दुसऱ्या माइट. पंखाखाली बारीक दाण्यासारखे चिकटलेले असेल तर गोचिडीची पिल्ले.

लाल माइट शोधायची तर अंधार पडल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन जा. पांढरा कागद किंवा फडके दांडीच्या खालच्या अंगाला दाबून फिरवा. लाल रेघा उठल्या की शंका नको. दिवसा पाहायचे असेल तर दांडी भिंतीला टेकते तिथे मीठ-मिरपूड सांडल्यासारखी करडी भुकटी शोधा. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला कुरकुरतात, झाडावर बसायला बघतात, तुरा फिका पडतो, अंडी घटतात, अंड्यांच्या कवचावर रक्ताचे ठिपके दिसतात. सगळ्यात जास्त हाल खुडूक कोंबडीचे, कारण ती जागा सोडत नाही. प्रादुर्भाव जबर असेल तर रक्तक्षय होऊन ती अंड्यांवरच मरते. लहान पिल्लेही अशीच दगावतात.

सांगायची मुख्य गोष्ट एवढीच की औषध कोंबडीला नको, लाकडाला हवे.

सकाळी कोंबड्या बाहेर काढा आणि संध्याकाळपर्यंत डालग्याखाली किंवा मोकळ्या अंगणात ठेवा. खाद्याची आणि पाण्याची भांडी, अंडी, सगळे बाहेर. तूस, भुसा, पेंढा गोळा करून गोणीत बांधा आणि खुराड्यापासून लांब नेऊन जाळा. शेजारच्या उकिरड्यावर टाकलात तर माइट चालत परत येतील. दांड्या आणि खोके सुटे करा. खरवडणी कोरडीच करा, कारण आधी पाणी मारले तर विष्ठा फटींत बसते आणि पुढचे औषध आत पोचत नाही. मग प्रत्येक सांध्यात उकळते पाणी ओता. या कामात याहून स्वस्त आणि खात्रीचे काही नाही. माइट आणि अंडी दोन्ही जागीच मरतात. पाणी कोमट होईपर्यंत रेंगाळलात तर मात्र उपयोग नाही. लोखंडी सांगाडा आणि दगडी भिंत असेल तर फ्लेम गन (गॅसवर ज्योत फेकणारे साधन) चालते. लाकूड, बांबू, पेंढा यांच्या जवळ तिचा विचारही नको. सुटे खोके काळ्या प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून दोन दिवस उन्हात ठेवा. ४५ अंशांच्या वर गेल्यावर माइट टिकत नाही.

वाळल्यावर चुना. एक किलो कळीचा चुना, पाच लिटर पाणी, मूठभर मीठ. चुना पाण्यात थोडा थोडा सोडा, पाणी चुन्यावर ओतू नका, आणि बादली लोखंडी घ्या, कारण तो चांगलाच तापतो. डोळे सांभाळा. रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशी दोन हात मारा. खरा फायदा फटी बुजण्याचा आहे, त्यामुळे ब्रश सांध्यात दाबून फिरवा.

रासायनिक फवारणी लागलीच तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने डेल्टामेथ्रिन किंवा परमेथ्रिन. प्रमाण बाटलीवर छापलेले तेच. रिकाम्या खुराड्यात फटींमध्ये ओघळ येईपर्यंत मारा आणि पूर्ण वाळल्याशिवाय कोंबड्या आत सोडू नका. मांजर आणि माशांची टाकी लांब ठेवा, दोघांनाही हे विष आहे. एका फवारणीने काम होत नाही. माइटची अंडी वाचतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात, म्हणून पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा. बहुतेकांचे गणित इथेच चुकते: पहिल्या फवारणीनंतर आठवडाभर शांतता असते, मग ‘औषध खोटं होतं’ म्हणून सोडून देतात. तीनदा नीट करूनही माइट जिवंत दिसल्या तर त्या औषधाला दाद देत नाहीत असे समजा. प्रमाण वाढवू नका, औषधाचा गट बदलून घ्या.

पिकांची औषधे इथे अजिबात नकोत. वांगी किंवा गुलाबावरच्या लाल कोळीचे औषध म्हणून दुकानात मिळते ते दुसऱ्याच किडीसाठी आहे. भात-उसासाठी आणलेले फिप्रोनिल तर हातही लावू नका. २०१७ साली युरोपात माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये ते वापरले गेले आणि लाखो अंडी फेकून द्यावी लागली. जळके इंजिन ऑइलही नको.

कडुनिंबाचे तेल लिटरभर पाण्यात ५ मिली, सोबत थोडे भांड्यांचे लिक्विड साबण, हा जोडीला ठीक उपाय आहे, एकट्यावर भिस्त नको. राख-मातीची पाटी जरूर ठेवा, पण ती उवांवर जास्त कामाची. दिवसा अंगावर नसलेल्या माइटला राख काय करणार? डायटोमेशियस माती (सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची भुकटी) पावसाळ्यात ओली झाली की निकामी, शिवाय तिची धूळ फुप्फुसाला वाईट.

पुन्हा होऊ नये म्हणून दांडीकडे बघा. बांबूची पोकळ टोके म्हणजे माइटची चाळच, ती सिमेंटने बुजवा. बाभळीची काठी असेल तर साल पूर्ण सोला. दांडी भिंतीला टेकवू नका, चार पायांच्या घोडीवर ठेवा आणि प्रत्येक पाय खाद्यतेल भरलेल्या डब्यात उभा करा. टोकांना तेलाचा हात दर आठवड्याला. दांडीखाली पन्हळी पुठ्ठ्याची वीतभर पट्टी बांधा. माइट तिच्यात शिरतात. दर तीन दिवसांनी काढून जाळा आणि नवी लावा. किती सापडतात यावरून उपाय लागू पडतोय का तेही कळते.

शहरात गच्चीवर कोंबड्या पाळणाऱ्यांनी पारव्यांची घरटी आधी पाहावीत. डक्टमध्ये किंवा एसीच्या मागे घरटे असेल तर माइट तिथून येत राहतात. पिल्ले उडाल्यावर रिकामे घरटे काढून जाळी लावा. जुने अंड्यांचे ट्रे आणि क्रेट उकळत्या पाण्याशिवाय आत घेऊ नका. आठवडी बाजारातून आणलेले पक्षी दोन-तीन आठवडे वेगळे ठेवा. आणि वर्षाच्या मध्येच कोंबड्या विकून खुराडे रिकामे ठेवले म्हणून माइट मरत नाही, ती काही महिने उपाशी तग धरते. नवी पिल्ले आणण्याआधी हा सगळा खटाटोप करावाच लागतो.

तुरा पांढरा पडलेली कोंबडी वेगळी काढून स्वच्छ डालग्यात ठेवा, प्रथिनयुक्त खाद्य द्या आणि पशुवैद्यकाला दाखवा. मरतूक वाढली तर फक्त माइट धरून बसू नका, पुण्यातल्या औंधच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेत मेलेला पक्षी तपासून घ्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.