जैवइंधन प्रकल्प टाकताय? आधी कच्च्या मालाचा हिशोब

मशिनरीची कोटेशनं मागवण्याआधी वर्षभराच्या मालाचं गणित मांडा. प्रेसमडपासून (साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारी मळी) एक टन सीबीजी (दाबाखाली भरलेला शुद्ध बायोगॅस) काढायला साधारण 25 टन ताजा माल लागतो. रोज टनभर गॅस आणि वर्षात 330 दिवस चालू, म्हणजे सव्वाआठ हजार टन. उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के प्रेसमड निघतो, त्यामुळे रोज 5000 टन गाळणारा कारखाना दीडशे-दोनशे टन देतो. कागदावर भरपूर. पण हंगाम पाचेक महिन्यांचा, आणि तोच माल बऱ्याचदा आधीच कंपोस्टला लागलेला असतो. कारखान्याच्या यार्डात जाऊन खरा उरतो किती, ते बघून या.

साठवण हीच मोठी अडचण. उघड्यावरचा ढीग वरून कोरडा, भुरकट दिसतो. टिकाव मारला की आतून वाफ येते. आतला सेंद्रिय भाग कुजून संपत असतो, तेवढा गॅस पुढे कमी मिळणार. म्हणून खड्ड्याला प्लास्टिक अंथरा, थर देत ट्रॅक्टरने दाबा, वरून हवाबंद झाका. प्रेसमडमध्ये गंधक असतं, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड काढणारा स्क्रबर खर्चात धराच. नाहीतर कॉम्प्रेसर खराब होतो.

पाचट हेक्टरी 8 ते 10 टन मिळतं, पण सगळं उचलू नका. खोडव्यात ते सरीतच कुजलेलं बरं: ओल टिकते, पालाश रानात राहतो. खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचंय तिथे शेतकरी काडीच लावतो. वाळवा-कराड पट्ट्यातली अशी रानं आधी गाठा. पाचटाची बांधलेली गाठ ताडपत्रीवर आपटून किती माती पडते ते पाहा. मातीने राख वाढते आणि पाचट जाळलं की त्यातल्या पालाश-क्लोरीनमुळे बॉयलरच्या नळ्यांवर कडक थर बसतो.

तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षछाटणीच्या काड्या एप्रिल आणि ऑक्टोबरला येतात. लाकूड डायजेस्टरमध्ये (माल कुजवून गॅस काढणारी बंद टाकी) कुजत नाही, त्यामुळे त्या ब्रिकेटला, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटांना. आधी तार आणि सुतळी वेचून काढा, तार आली की काड्या बारीक करणारी हॅमर मिल बंद पडलीच. फवारलेल्या बोर्डो मिश्रणातलं तांबं राखेत उतरतं, ती राख रानात टाकू नका.

कडबा, वाढे, सोयाबीनचं भुसकट यादीत नको. माण, खटाव, जत, आटपाडीत दुष्काळी साली चारा छावण्या लागतात. जनावराच्या तोंडचा घास ओढून चालवलेला प्रकल्प गावात टिकत नाही.

करार कोरड्या वजनावर करा. एक किलो नमुना 105 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवा. 10 टनांत ओल 70 टक्के असेल तर कोरडा माल तीन टन, 80 असेल तर दोनच. भाव मात्र 10 टनांचा देऊन बसाल.

शेवटी स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर डायजेस्टरमधून बाहेर पडणारं पातळ खत. ती घेणारी रानं जवळची हवीत, लांब वाहून नेणं परवडत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात टँकर रुततो, तेव्हा चार महिन्यांची स्लरी मावेल एवढी टाकी नकाशात आत्ताच धरा.