मिश्रण घशाला टोचत होतं, त्यावर सापडलेला उपाय

घरी केलेलं व्हेप लिक्विड (ई-सिगारेटमध्ये तापवून वाफ ओढायचा द्रव) घशाला टोचायचं आणि स्ट्रॉबेरीची चव पुसट लागायची. फ्लेवर वाढवून काही साधेना, कारण जास्त फ्लेवरनेही चव दबते. तो ५ टक्क्यांवर आणला आणि थेंब मोजण्याऐवजी ०.०१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घेतला. घशाला टोचणारा पातळ मूळ द्रव, प्रोपिलीन ग्लायकॉल, कमी करून दुसरा दाट, सौम्य द्रव, व्हेजिटेबल ग्लिसरीन, ७० टक्के केलं, तशी टोचणी गेली. कस्टर्डचे फ्लेवर मुरायला मात्र वेळ लागतो.

घटकांची यादी मी आधी वाचते. तेलातला अर्क फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून तेलातले बेकिंग इसेन्स सरसकट बाद. लोण्याच्या वासाचं डायअसेटिल खाण्यात चालतं, श्वासातून घातक. निकोटिन घालतच नाही, ते त्वचेतूनही शोषलं जातं.