शाळेनं काढलेल्या मुलांचा वर्ग: पैसा कुठून आणायचा, कसा पुरवायचा

बडोद्यात, निदान आमच्या दांडिया बाजारात, पैसे मागणं अवघड नाही. गणपतीला वर्गणी देणारा माणूस शिक्षणाला नाही म्हणत नाही. अवघड आहे ते पैसे जूनपासून पुढच्या एप्रिलपर्यंत पुरवणं. मी नोकरीभर बँकेच्या कर्जखात्यात होते आणि आता अशा एका छोट्या वर्गाचे हिशोब बघते, तेव्हा सांगणार तेही हिशोबाच्या बाजूनंच.

सुरुवात पैशानं करू नका. मूल आठवीपर्यंतचं असेल तर त्याला शाळेतून काढताच येत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचं १६वं कलम तसं सांगतं. २०१९ च्या दुरुस्तीनं पाचवी-आठवीत नापास करायची मुभा दिली, काढायची नाही. शाळांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या काढत नाहीत. आईवडिलांना बोलावून ‘तुम्हीच एल.सी. (शाळा सोडल्याचा दाखला) मागा’ म्हणतात, म्हणजे कागदोपत्री मूल पालकांच्याच अर्जावरून गेलेलं. तो अर्ज करू नका. केला असेल तर लेखी तक्रार द्या: महापालिकेच्या शाळेसाठी नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे, बाकीच्यांसाठी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांकडे. निकालाला कायद्यानं तीन महिन्यांची मुदत आहे आणि पुढे राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं. मागे पडलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देणं हाही सरकारचाच खर्च. तिथं वर्गणीचा रुपया घालायचा नाही.

नववीपासून मात्र हा कायदा संपतो. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून नववीतच गाळलेली, मारामारीत नाव आलेली, फी थकलेली मुलं, पैसा उभारायचा तो यांच्यासाठी. त्यांचा रस्ता एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा; तिथं नेहमीच्या शाळेत न जाता परीक्षा देता येते. तिच्या दहावीला वय १४ पूर्ण लागतं. आठवीचा दाखला नसला तरी ‘मी हा अभ्यास करू शकतो’ अशी स्वयंघोषणा चालते. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी, वर्षातून दोनदा परीक्षा. माध्यम गुजराती किंवा मराठीही घेता येतं. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना फीत सवलत आहे. नवे कार्यकर्ते नेमकी फी भरायलाच देणगी मागत फिरतात, आणि फी ही यातली सगळ्यात स्वस्त बाब. महाग पडतो तो रोज सकाळी वर्ग उघडणारा शिक्षक.

म्हणून दोन वह्या करा. एक जागेची, एक मुलाची.

जागेच्या वहीत मूल आलं-न आलं तरी होणारा खर्च. समजा पूर्णवेळ शिक्षकाला महिना १५,०००, अर्धवेळ गणिताच्या बाईंना ८,०००, खोली-वीज ३,०००. वर्षाचे झाले ३,१२,०००. जागा बारा धरल्या तर एका जागेला २६,०००. पाच मुलं दिवाळीनंतर कामाला लागली, यायची थांबली, तरी एक पैसा वाचत नाही. मुलाच्या वहीत फी, बसभाडं, नाश्ता, चष्मा, जे त्या मुलाबरोबर येतं आणि जातं ते.

ही विभागणी काही माझं डोकं नव्हे. इंग्लंडमध्ये शाळेनं काढलेल्या मुलांच्या पर्यायी वर्गांना सरकार जागेमागे वर्षाला १०,००० पौंड देतं, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वरची रक्कम त्याला पाठवणारी शाळा किंवा स्थानिक प्रशासन भरतं. आपल्याकडे पाठवणारी शाळा पाच रुपये देणार नाही, ते सोडा. पण हिशोबाची रीत घेण्यासारखी आहे.

आता कोणाचा पैसा कुठल्या वहीत. जागेची वही शक्यतो मासिक वर्गणीवर चालवा. सव्वीस हजार म्हणजे महिना सव्वादोन हजाराच्या आत. चार मावश्यांनी मिळून एक जागा उचलली तर कुणालाच जड नाही. बडोद्यातला प्रत्येक वडीलधारा तुम्हाला सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात शिक्षण सक्तीचं नि मोफत कसं केलं ते सांगेल. शांतपणे ऐकून घ्या आणि मग पावतीपुस्तक पुढे करा. दोन हजारांवरची रोकड घेऊ नका, त्यावर करसवलत मिळत नाही. नव्या करपद्धतीत असणाऱ्याला ती एरवीही मिळत नाही. हे आधीच सांगा, नंतर चिडचिड होते.

कंपन्यांचं तंत्र वेगळं. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरला, म्हणजे समाजोपयोगी कामाला, घालावे लागतात. आर्थिक वर्ष संपत आलं की मकरपुरा-नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतींकडच्या कचेऱ्यांतून फोन येतात, ‘पटकन प्रस्ताव द्या’. त्यांना बाकं, टॅबलेट, फीत कापणं आवडतं; पगार म्हटला की तोंड वाकडं होतं. तेव्हा प्रस्ताव एका वर्षाचा देऊ नका. ‘चालू प्रकल्प’ म्हणून मांडा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो नियमात बसतो, म्हणजे मार्चमध्ये मंजूर झालेला पैसा जूनमध्ये वापरता येतो. तुमच्याकडे आयकर खात्याच्या १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला सवलत) या नोंदण्या, तीन वर्षांचं काम आणि सीएसआर-१ ची, म्हणजे सीएसआरचा पैसा घेण्यासाठी कंपनी मंत्रालयाकडे करायची, नोंदणी हवी. नसेल तर नोंदणी असलेल्या ट्रस्टबरोबर लेखी करार करून वर्ग त्यांच्या नावावर चालवा.

एक अट मात्र प्रत्येक करारात घाला: मुलांचे फोटो फलकावर नाहीत. ‘काढून टाकलेला’ हा शिक्का त्या पोरानं आधीच सोसलेला असतो.

मूल मध्येच गेलं तर त्याच्या वहीतली शिल्लक त्याच्याच नावावर पुढच्या परीक्षेपर्यंत ठेवा. ते परत येतं, बहुधा फॉर्म भरायच्या आठवड्यात. जागा मात्र अडवू नका, यादीतल्या पुढच्या मुलाला बोलवा. देणगीदाराला दर तीन महिन्यांनी एक पान पाठवा: जागा किती, भरलेल्या किती, कोणती का रिकामी, हातात किती महिन्यांचा पगार. हा शेवटचा आकडा तीनच्या खाली आला की नवीन प्रवेश थांबवा आणि वर्गणीला निघा.