उलटीची किळस की उलटीचा भयगंड? फरक कसा ओळखायचा

उलटी आवडणारं माणूस सापडणार नाही. वास आला की नाक मुरडतं, शेजारच्याने ओकलं की आपल्याही पोटात ढवळतं, साफ करताना श्वास रोखला जातो. नासलेलं अन्न आणि पोटाचे संसर्ग यांच्यापासून आपल्याला लांब ठेवणारी ही किळस कामाची आहे, ती घालवायची काही गरज नाही. अडचण अशी, की थोडी किळस सगळ्यांनाच असल्यामुळे ज्यांना खरोखर भयगंड आहे त्यांचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही. "मला उलटीची फार भीती वाटते" म्हटलं की "अगं, ती कुणाला आवडते?" असं उत्तर येतं आणि विषय तिथेच मिटतो. या भयगंडाला वैद्यकीय भाषेत इमेटोफोबिया म्हणतात. तो बहुधा लहानपणी सुरू होतो, स्त्रियांमध्ये जास्त दिसतो, आणि उपचारापर्यंत पोचेस्तोवर अनेकांची वीस-वीस वर्षं त्यात गेलेली असतात.

कुणालाच उलटी झाली नाही, असा दिवस पाहा

उलटी होत असताना माणूस कसा वागतो यावरून फारसं कळत नाही. त्या क्षणी बहुतेक सगळेच कासावीस होतात. फरक दिसतो तो त्याच्या आधी आणि नंतर.

रात्री दोन वाजता मूल खोकत उठतं आणि अंथरुणातच ओकतं. नुसती किळस असलेली आई तोंडाने श्वास घेते, पोराला उचलून न्हाणीघरात नेते, चादर बदलते, हात धुते, त्याला घोटभर पाणी पाजते आणि अर्ध्या तासात परत झोपते. भयगंड असलेली आई दाराच्या चौकटीतच थिजते. पाय पुढे पडत नाहीत, हात कानांवर जातात, ती नवऱ्याला हाका मारते. पोरासाठी जीव तुटत असतो आणि तरी जवळ जाववत नाही, याची शरम भीतीइतकीच टोचते. पुढचे दोन दिवस ती तास मोजते, कारण नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची लक्षणं लागण झाल्यापासून साधारण १२ ते ४८ तासांत दिसतात, हे तिला पाठ असतं. जेवण जवळजवळ बंद होतं, दारांच्या कड्या पुन्हापुन्हा पुसल्या जातात. ४८ तास उलटले तरी खात्री पटत नाही म्हणून आणखी एक दिवस धरला जातो. मूल तोवर खेळायला लागलेलं असतं.

साध्या दिवसांतही हे चालूच असतं. दुधाचा वास घ्यायचा, तारीख वाचायची, परत वास घ्यायचा, घरातल्या दुसऱ्याला वास घ्यायला लावायचा आणि शेवटी ते ओतून द्यायचं. प्रवासात दाराजवळचीच जागा हवी. पिशवीत मिंटच्या गोळ्या, उलटी थांबवणारी गोळी आणि एक रिकामी पिशवी असल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. अनेकांना 'उलटी' हा शब्द उच्चारता येत नाही. आपल्याला शेवटची उलटी कधी झाली ते मात्र वार-तारखेनिशी सांगता येतं, आणि ती बहुधा कैक वर्षांपूर्वीची असते. या लोकांना इतरांपेक्षा जास्त उलट्या होत नाहीत.

सगळ्यात महागात पडतं ते मोठ्या निर्णयांमधलं टाळणं. दुष्परिणामांच्या यादीत 'उलटी' दिसली म्हणून गरजेचं प्रतिजैविक न घेणं, भूल द्यावी लागेल म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलत राहणं, गरोदरपणात मळमळतं म्हणून हवं असूनही मूल होऊ न देणं. यातली एक जरी गोष्ट घडत असेल, तर 'जरा जास्तच किळस आहे' म्हणून ती बाजूला सारू नका.

चौदा दिवसांची वही

अंदाजाने ठरवण्यापेक्षा चौदा दिवस नोंद ठेवा. पाच रकाने पुरेत: काय घडलं, तेव्हा डोक्यात काय आलं, भीती ० ते १० मध्ये किती, त्यामुळे काय टाळलं किंवा तपासलं, आणि त्यात किती मिनिटं गेली. दिवसातून दोनदाच लिहायचं, दुपारी एकदा आणि रात्री जेवणानंतर एकदा. दर तासाला 'आत्ता पोट कसं आहे' हे मात्र लिहू नका. ते पोटावर पहारा ठेवणं झालं, आणि त्याने भीती वाढते.

चौथा रकाना बहुतेकांचा चुकतो. वर्षानुवर्षांच्या सवयी 'टाळणं' म्हणून ओळखूच येत नाहीत. "मला बाहेरचं खायला आवडत नाही" असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: हे खाल्लं तरी उलटी होणार नाही अशी शंभर टक्के हमी मिळाली, तर मी खाईन का? उत्तर 'हो' असेल, तर ती आवड-निवड नाही, टाळणं आहे. प्रवास, दारू, जत्रेतले पाळणे, लहान मुलं, आजारी नातेवाइकाला भेटायला जाणं, सगळ्यांना हाच प्रश्न लावता येतो.

चौदा दिवसांनी वही वाचताना उलटीचा प्रसंग एकदाही आला नसताना तुमचे किती तास गेले, ते पाहा. किळस असलेल्या माणसाची वही जवळजवळ कोरी राहते.

निदानासाठी डॉक्टर ज्या कसोट्या लावतात त्या याच धर्तीच्या आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधल्या डीएसएम-५ या नियमावलीत उलटीची भीती 'विशिष्ट भयगंड' या गटात येते. भीती साधारण सहा महिने किंवा जास्त काळ टिकलेली हवी, त्या गोष्टीशी गाठ पडली की जवळजवळ दर वेळी आणि लगेच उसळणारी हवी, खऱ्या धोक्याच्या मानाने फार मोठी हवी, आणि तिच्यामुळे काम, घर, नातेसंबंध किंवा खाणं-पिणं यांत ठळक अडथळा किंवा त्रास व्हायला हवा. खास याच भयगंडासाठी दोन प्रश्नावल्याही २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्या, १४ प्रश्नांची स्पोव्ही आणि १३ प्रश्नांची एमेटक्यू. त्यांच्यामुळे बोलायला सुरुवात होते आणि पुढे उपचारात फरक पडतोय का हे मोजता येतं, पण नुसत्या गुणांवरून निदान होत नाही.

भीतीची मळमळ

हे चक्र नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. भीती वाटली की शरीर पळायची किंवा झुंजायची तयारी करतं. रक्त स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं, जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, पोटात गोळा येतो, घसा आवळतो. याला आपण मळमळ म्हणतो. ज्याला उलटीचीच भीती आहे त्याच्यासाठी ही मळमळ म्हणजे 'आता होणार' याचा पुरावा ठरते, भीती आणखी चढते आणि मळमळही वाढते. त्यातून जेवण कमी झालं की रिकाम्या पोटी पुन्हा मळमळतं. काही जण रोज मळमळीसह जगतात आणि तरीही वर्षानुवर्षं त्यांना एकदाही उलटी होत नाही.

भीतीची मळमळ लक्ष दुसरीकडे गुंतलं की ओसरते आणि आठवण झाली की परत येते. पोटाच्या संसर्गाला तुमचं लक्ष कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, आणि त्याच्यासोबत बहुधा जुलाब, पोटात कळा किंवा ताप येतो. ही माहिती एकदा वाचून सोडून द्या. दर वेळी मळमळलं की या खुणा ताडून पाहायला लागलात, तर तपासण्याची आणखी एक सवय लागेल.

दुसरंच काही असेल तर

उलटीच्या भीतीने खाणं घटलं आणि वजन उतरलं की पाहणाऱ्याला तो ॲनोरेक्सिया, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडण्याचा विकार, वाटू शकतो. विचारायचं ते एवढंच: खाणं कशासाठी कमी केलं, बारीक होण्यासाठी की उलटी टाळण्यासाठी? सतत हात धुणं आणि पुसणं पाहून ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हापुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचा, संशय येतो. स्वच्छतेचा सगळा रोख फक्त उलटीवर असेल तर पारडं भयगंडाकडे झुकतं, पण दोन्ही एकत्रही असू शकतात. चारचौघांत उलटी झाली तर लोक काय म्हणतील, एवढीच धास्ती असून घरी एकट्याने ओकायला फारसं काही वाटत नसेल, तर सामाजिक भीतीचा विचार करावा लागतो.

आणि आधी शरीर तपासून घ्या. आम्लपित्त, अर्धशिशी, कानातल्या तोलाचे विकार, गर्भधारणा, चालू असलेली औषधं, या सगळ्यांनी मळमळ होते. उलटीत रक्त, न थांबणाऱ्या उलट्या, लघवी फार कमी होणं, मान ताठून जबर डोकेदुखी किंवा कारण नसताना उतरणारं वजन असेल, तर वही बाजूला ठेवून लगेच डॉक्टरकडे जा.

भयगंड असेल तर काय करायचं

सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती, आणि तिच्यातलं टप्प्याटप्प्याने सामोरं जाणं, हा यावरचा मुख्य मार्ग. २०१६ मध्ये २४ जणांवर झालेल्या एका छोट्या चाचणीत १२ सत्रांनंतर उपचार घेतलेल्यांपैकी निम्म्या लोकांत ठळक सुधारणा दिसली. अभ्यास लहान होता आणि निम्म्यांना तेवढा फरक पडला नाही, हेही लक्षात असू द्या. तरी वीस वर्षं जुन्या भीतीला १२ सत्रांत एवढा हादरा बसणं, ही आशा धरावी अशीच गोष्ट आहे.

सुरुवात आधारांपासून करा. मिंट, पिशवी, दाराजवळची जागा, दुसऱ्याला वास घ्यायला लावणं, या सगळ्यांची यादी करून सगळ्यात सोपा आधार आठवडाभर सोडा. मिंट चघळत बाहेर गेलात आणि उलटी झाली नाही, तर श्रेय मिंट घेऊन जातं. मन त्यातून काहीच शिकत नाही.

मग शिडी. खालच्या पायरीवर 'उलटी' हा शब्द वीस वेळा लिहिणं आणि मोठ्याने म्हणणं, पुढे चित्रं, मग नुसता आवाज, मग चित्रफीत, मग घट्ट सूपसारखं काहीतरी तोंडात घेऊन संडासात थुंकणं. शेजारी दुसरी शिडी हवी, टाळलेल्या पदार्थांची, जागांची, प्रवासाची. तिसरी, शरीरातल्या जाणिवांची: खुर्चीत एक मिनिट गोल फिरून मुद्दाम गरगरायला लावणं, आणि ती मळमळ आपोआप जाते हे अनुभवणं. गरोदर असाल किंवा फेफरं, हृदयविकार, तोलाचा विकार असेल तर हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. १० पैकी ३-४ भीती वाटते त्या पायरीपासून आरंभ करा, रोज २० ते ३० मिनिटं द्या आणि तीच पायरी कंटाळा येईपर्यंत करा. प्रयत्न फसतात ते बहुधा तीन कारणांनी: अर्धे डोळे मिटून पाहिलं, भीती चढत असतानाच थांबवलं, किंवा आठवड्यातून एकदाच केलं. वजन घटलेलं असेल किंवा घाबरण्याचे झटके येत असतील, तर ही शिडी एकट्याने न चढता मानसशास्त्रज्ञासोबत चढावी.

बोटं घालून उलटी काढू नका. उपचारात त्याची गरज नाही, आणि दात, अन्ननलिका, रक्तातले क्षार यांना त्याने इजा होते.

स्वच्छतेचीही मर्यादा ठरवून घ्या: जेवणाआधी आणि शौचानंतर साबण-पाण्याने २० सेकंद. सॅनिटायझर नोरोव्हायरसवर तसाही कमी चालतो. घरात कुणाला उलटी झाली तर जागा जंतुनाशकाने नीट एकदा पुसायची आणि थांबायचं.

घरच्यांसाठी एक सांगणं. "नाही होणार तुला उलटी" या वाक्याने दहा मिनिटं बरं वाटतं, मग तोच प्रश्न परत येतो. भीती नसलेल्या वेळी बसून ठरवा आणि प्रश्न आला की म्हणा, "तुला भीती वाटतेय, मला कळतंय. मी इथेच आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय." न सांगता अचानक उत्तरं बंद केलीत, तर समोरच्याला एकटं सोडल्यासारखं वाटेल.

मानसोपचारतज्ज्ञांनी चिंतेवरची गोळी सुचवली तर आपल्याला नेमकी कशाची भीती आहे ते आधी सांगा. या गटातल्या अनेक औषधांनी पहिले काही दिवस मळमळ होऊ शकते. ते माहीत असलं की डॉक्टर कमी मात्रेपासून सुरू करू शकतात, आणि तुम्हीही गोळी तिसऱ्या दिवशी स्वतःहून बंद करणार नाही.

पहिल्या भेटीला वही घेऊन जा. "मला मळमळतं" एवढंच म्हणालात तर तपासण्या फक्त पोटाच्या होतील. त्याऐवजी असं म्हणा: "मला उलटी होण्याची भीती आहे. इतक्या वर्षांपासून आहे. तिच्यामुळे मी या-या गोष्टी करत नाही. वजन कमी करायचा माझा हेतू नाही." आणि वही त्यांच्यापुढे ठेवा.