व्हाइस सिटीत सेव्ह कुठं करावं, घर कोणतं घ्यावं

२००२ साली आलेल्या मूळ 'जीटीए व्हाइस सिटी'त गेम आपोआप सेव्ह होत नाही. मिशनवर मिशन मारत सुटलात आणि मध्येच लाइट गेली, की सगळं मुसळ केरात.

सुरुवातीला टॉमीकडे, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाकडे, सेव्ह करायला एकच ठिकाण असतं, ओशन बीचवरचं ओशन व्ह्यू हॉटेल. आत जाऊन गरगर फिरणाऱ्या गुलाबी कॅसेटवर उभे राहा, मेनूतून ८ पैकी एक स्लॉट निवडा. गेममधलं घड्याळ ६ तास पुढं सरकतं. मिशन चालू असताना सेव्ह होत नाही.

एकाच स्लॉटवर सेव्ह करत राहणं हा आळस महागात पडतो. निदान दोन स्लॉट आलटून पालटून वापरा आणि तिसरा चीट कोड (गेमचे नियम वाकवणारा गुप्त कोड) मारण्याआधीचा म्हणून राखून ठेवा. कारण लोकांना एकमेकांशी मारामारी करायला लावणारा किंवा सगळ्यांना तुमच्या जिवावर उठवणारा कोड मारून सेव्ह केलंत, तर तो परिणाम त्या सेव्हला कायमचा चिकटतो. पुन्हा कोड मारून तो जात नाही.

अँब्युलन्स चालवून रुग्णांना दवाखान्यात पोचवायच्या कामाआधीही सेव्ह कराच. १२ लेव्हल एका दमात, म्हणजे एकूण ७८ रुग्ण. अकराव्या लेव्हलला गाडी उलटली की पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण झाल्यावर टॉमी धावताना दमत नाही, तेव्हा खटाटोप वाया जात नाही.

आता घर, म्हणजे सेव्ह करायची आणखी एक जागा. ओशन व्ह्यूला गॅरेज नाही, आणि रस्त्यावर लावलेली गाडी गेम पुन्हा लोड केल्यावर जागेवर मिळत नाही. म्हणून पहिली खरेदी ८,००० डॉलरचं एल स्वांको कासा. ३,००० डॉलरचं ११०२ वॉशिंग्टन स्ट्रीट स्वस्त दिसतं, पण तिथं गॅरेजच नाही. घरासमोरच्या हिरव्या घराच्या चिन्हावर उभे राहा, स्क्रीनवर सांगितलेलं बटण दाबा. गाडी गॅरेजमध्ये पूर्ण आत घ्या, उतरून बाहेर या. शेपूट दारात राहिली तर दार बंद होत नाही. पुढं पलीकडच्या बेटावर जायला मिळालं की १४,००० डॉलरचा हायमन काँडो घ्या, तिथं तीन गॅरेज आहेत.

पीसीवर सेव्ह फायली माय डॉक्युमेंट्समधल्या व्हाइस सिटीच्या फोल्डरमध्ये असतात. विंडोज नव्यानं टाकण्याआधी तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. सगळे ८ स्लॉट त्यातच येतात.