मांडी आधी, कंबर नंतर

खेळणाऱ्या पोरींची जीन्सबद्दलची तक्रार ठरलेली. मांडीत बसली की कंबरेत मागून हात जाईल एवढी फट, आणि कंबर नीट बसली तर मांडीवर चढतच नाही. परवा एक फुटबॉलवाली वैतागून म्हणाली, "मावशी, मी आता ट्रॅक पँटच घालतो बघ बारा महिने." दुकानदार तर सांगून मोकळा होतो, "वापरून सैल होईल."

कोल्हापुरात राजारामपुरीत मी अल्टरेशनचं काम करते, म्हणून आतली गोष्ट सांगते. जीन्सच्या पायात वाढवायला कापड जवळजवळ नसतंच. उसवली तरी अर्धा इंच मिळायची मारामार. कंबर मात्र आत घेता येते. म्हणून मांडी आणि सीट जिथं आरामात बसते तो साइज उचला. कंबरेचं नंतर बघू.

साइजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. २८ लिहिलेल्या दोन कंपन्यांच्या जीन्स टेपखाली धरल्या तर एक २९ भरते, दुसरी ३०. पर्समध्ये टेप ठेवा. आधी स्वतःचं माप घ्या: दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहायचं आणि मांडी सगळ्यात जाड असते तिथं मोजायची. दोन्ही मांड्या मोजा, बॅडमिंटनवाल्यांच्या तर हमखास कमी-जास्त निघतात. माप मोठ्या मांडीचं धरा. सायकलवाल्यांनी पोटरीही मोजावी. मग दुकानात जीन्स काउंटरवर सपाट पसरा, आसनाच्या जोडाखाली, म्हणजे दोन्ही पाय जुळतात त्या शिवणीखाली, एक इंचावर आडवं मोजा आणि दुप्पट करा. तुमची मांडी २३ असेल तर स्ट्रेच कापडात साडेबावीस चालेल, पण निव्वळ कॉटनमध्ये २४ तरी हवेत. महाद्वार रोडच्या छोट्या दुकानांत ट्रायल रूम मिळेलच असं नाही, तिथं हा हिशोबच कामाला येतो.

आतलं लेबल वाचा. ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा), हे माझ्या मते सगळ्यात बरं. स्ट्रेच आडवा असतो. कापड दोन्ही हातांनी आडवं ताणून सोडा. लगेच पूर्ववत झालं तर ठीक. लाट राहिली तर महिन्याभरात गुडघ्याला फुगा येणार.

ट्रायल रूम असेल तर आरशासमोर उभं राहून घेऊ नका. पूर्ण बैठक मारा, मग स्कूटीवर बसताना टाकतो तसा पाय टाका. बैठकीत कंबरेची मागची पट्टी खाली सरकली तर आसन कमी आहे, त्याला शिंपी काही करू शकत नाही. जरा उंच कंबरेची, स्ट्रेट किंवा खाली निमुळती घ्या. स्किनी पोटरीत अडकते. बारीक नितंबांच्या धावपटू मुलींनी पुरुषांच्या विभागातही बघावं. खिसे खोल मिळतात, हा फायदाच.

आता कंबर. बेल्टचा मागचा मधला लूप काढायचा, पट्टी उसवायची आणि सीटच्या मधल्या टिपेतून आत घ्यायचं. दीड इंचापर्यंत हे बेमालूम होतं. त्यापुढे गेलात की मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. फट मोठी असेल तर पट्टी पूर्ण काढून दोन्ही बाजूंनी थोडं थोडं घ्यायला सांगा. काम जास्त, पैसेही जास्त. शिंप्याला "फिटिंग करा" एवढंच सांगून निघून जाऊ नका. जीन्स घालून, वाकून, मागं टाचण्या लावून घ्या. आणि आधी एकदा धुवून मगच द्या, कॉटन लांबीत आटतं. लांबी कमी करताना मूळ खालची किनार तशीच ठेवून वर जोडायला सांगितलं तर कापल्याचं कळतही नाही.

मी कंबरेचे दीडशे घेते. म्हणजे हजाराच्या आतली जीन्स आणि वर ही शिलाई, तरी दोन-अडीच हजारांच्या 'परफेक्ट फिट'पेक्षा स्वस्तात पडतं, आणि बसते तुमच्याच अंगाला. खरेदी आषाढातल्या सेलला करा. नवरात्रात महाद्वार रोडला पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा मोजमाप कुठलं घेताय!

उलटी करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. कडक इस्त्री नको, उष्णतेनं इलास्टेन मरतं.

भरलेल्या मांड्यांची जीन्स आधी आतल्या बाजूला, मांड्या घासतात तिथं विरते. उजेडासमोर धरली की कापड पातळ झालेलं दिसतं. भोक पडायची वाट बघू नका, तेव्हाच आतून तुकडा लावून घ्या. त्यासाठी लांबी कमी करताना कापलेलं कापड शिंप्याकडून मागून घ्यायचं. रंग तोच, वजन तेच. मी न मागता पिशवीत घालून देते, पण सगळे देतीलच असं नाही.